टेबलाखालचा रविवार

बाई, मंगळवारी सकाळी तुमच्या भाच्याचा फोन आला. मी कंपनीच्या बसमध्ये होते. बस चाकणच्या चौकात थांबली होती. तो म्हणाला, "मावशी गेली." मी विचारलं, "कधी?" तो म्हणाला, "पहाटे." मग बस सुटली.

कंपनीत पोचून मी रजा टाकली आणि परत निघाले. तोवर रविवारच्या वर्गाच्या ग्रुपवर बातमी गेली होती. तुमचे जुने-नवे विद्यार्थी भराभर लिहीत होते. कुणी तुम्हाला शिस्तप्रिय म्हटलं, कुणी आईसमान. एकीनं प्रेमळ असंही लिहिलं. ती पुनावळ्याची. तिला तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलं होतंत, "तुमच्या तोंडून इंग्रजी ऐकण्यापेक्षा कुकरची शिट्टी ऐकलेली बरी, निदान तिच्यातून काहीतरी कळतं." बहुतेकांनी इंग्रजीतून लिहिलं होतं आणि जवळजवळ प्रत्येक ओळीत चूक होती. ‘इन’ हवं तिथे ‘ऑन’, ‘फॉर’ हवं तिथे ‘टू’. मी रिक्षात बसून वाचत गेले आणि माझ्या लक्षात आलं, इतक्या वर्षांत ही माणसं पहिल्यांदाच न घाबरता इंग्रजी लिहितायत.

हे तुम्हाला आवडलं नसतं, म्हणून आधी हेच सांगितलं.

तुमचा जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्ती हे लिहिणारे लिहितील. मला तुमच्याशी एका रविवारबद्दल बोलायचं आहे. तुम्ही असताना मी तो विषय काढला होता आणि तुम्ही तो मिटवून टाकलात. मला तुमच्याकडून माझ्या वडिलांसाठी एक वाक्य हवं होतं. इंग्रजीतच पाहिजे असंही नव्हतं.

चिंचवडच्या तुमच्या हॉलमध्ये मी पहिल्यांदा आले तेव्हा कॉलेजात होते. आम्ही दिघीला राहायचो, लष्कराच्या भिंतीला लागून दोन खोल्यांत. अण्णा बीडकडून आलेले, भोसरीत पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला लागलेले आणि कंपनी चाकणला गेली तेव्हा तिच्यामागे चाकणला जाऊ लागलेले. तुम्ही शाळेतून निवृत्त होऊन दर रविवारी सकाळी वर्ग घेत होतात. घडीच्या खुर्च्या, एक फळा, एक जेवणाचं टेबल, एक स्टूल. समोर कंपन्यांतले ऑपरेटर, रावेतच्या कॉल सेंटरच्या मुली, मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून आलेल्या आया. माझ्यासारखी कॉलेजातली पोर सोडली तर तुम्ही कुणालाही ‘अरे’ म्हणाला नाहीत. ‘तुम्ही’ म्हणायचात, आणि त्या ‘तुम्ही’नेच माणूस निम्मा व्हायचा.

प्रीपोझिशन शिकवताना तुमच्यासारखं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही. हे खरं आहे आणि ते लपवून मला काही मिळणार नाही. "नामाच्या आधी येऊन बसतो तो शब्द," तुम्ही म्हणायचात, "आणि त्या नामाचा बाकीच्या वाक्याशी काय संबंध आहे ते सांगतो. आपल्याकडे हे काम शब्दयोगी अव्ययं आणि प्रत्यय करतात, पण ती मागून येतात. मराठी माणूस आधी वस्तू आणतो आणि मग ती कुठे ठेवायची ते बघतो. इंग्रज आधी जागा ठरवतो. म्हणून त्यानं राज्य केलं आणि तुम्ही इथे फी भरून बसलात."

मग प्रकार यायचे. वेळेसाठी तुमच्याकडे तीन वस्तू होत्या. ‘अ‍ॅट’ म्हणजे टाचणीचं टोक, ‘ऑन’ म्हणजे चटई, ‘इन’ म्हणजे डबा. घड्याळातली वेळ टोकावर, वार आणि तारीख चटईवर, महिना आणि वर्ष डब्यात. दिशा दाखवणाऱ्यांसाठी तुम्ही हॉलच्या दाराकडे बोट करायचात. "दारातून आत येता तेव्हा ‘इन्टू’. आत बसून झोपता तेव्हा ‘इन’. एकात हालचाल आहे, दुसऱ्यात तुम्ही आहात." कर्ता आणि साधन यांचा फरक सांगताना म्हणायचात, "मराठीत रमेशनेही कापलं आणि विळीनेही कापलं. माणूस आणि हत्यार एकाच प्रत्ययावर भागतं. इंग्रजीत माणसाला ‘बाय’ लागतं आणि हत्याराला ‘विथ’. तुमच्या कंपनीत हा फरक करत नसतील, पण भाषेत करावा लागतो." ऑपरेटर हसायचे. खरं तर ते हसू त्यांच्यावरच होतं. आणि ‘इन फ्रंट ऑफ’, ‘बिकॉज ऑफ’ असे दोन-तीन शब्दांचे जोड आले की, "एकट्यानं काम उरकत नाही तेव्हा हे मिळून ओव्हरटाइम करतात."

स्थळ दाखवणारी अव्ययं मात्र तुम्ही फळ्यावर शिकवत नव्हतात. त्यासाठी तुम्हाला माणूस लागायचा.

ती तुमची रीत सगळ्यांना माहीत होती. नवी बॅच आली की दाराजवळ बसलेला एक जण तुम्ही उठवायचात. दाराजवळ बसणारा पळण्याच्या तयारीत असतो, त्याला आधी बांधायचा, हे तुमचं म्हणणं. त्याला तुम्ही ‘नाम’ म्हणायचात. "हे आजचे आपले नाम." नामाला स्टुलावर चढवायचं, उतरवायचं, दोन खुर्च्यांच्या मधे उभं करायचं, पडद्याच्या मागे, टेबलाच्या खाली. प्रत्येक वेळी वर्गानं एका सुरात वाक्य म्हणायचं आणि शेवटी त्या माणसानं स्वतः म्हणायचं. बहुतेक जण लाल होऊन, हसून, खुर्चीत परत जायचे आणि ती अव्ययं जन्मात विसरायचे नाहीत.

त्या वर्षी अण्णांच्या कंपनीत नवे मॅनेजर आले. शिफ्टचा रिपोर्ट यापुढे इंग्रजीत लिहायचा, असं त्यांनी ठरवलं. अण्णांना सुपरवायझर करायचं बोलणं चाललं होतं. त्यांनी मला काही विचारलं नाही. एका रविवारी दाढी करून, लग्नाकार्यातला शर्ट घालून ते माझ्याआधी तयार होऊन बसले. म्हणाले, "चल, म्या बी येतो. रिपोर्टापुरतं शिकावं म्हणलं." मला इतका आनंद झाला की रस्ताभर मी बोलत होते. ते मात्र खिशातलं पेन चाचपत होते.

ते दाराजवळ बसले. दुसरी खुर्चीच रिकामी नव्हती.

"नाव?"

"भगवान."

"काय करता?"

"प्रेसवर असतो, बाई."

"उठा भगवान. आज तुम्ही आमचे नाम."

ते स्टुलावर चढले. वर्ग म्हणाला. उतरले, मधे उभे राहिले, पडद्यामागे गेले. ते हसत होते, नव्या ठिकाणी माणूस हसतो तसे. मग टेबलाखाली. गुडघ्यांवर हात ठेवून ते खाली बसले, मग सरकत आत गेले. उंच माणूस, त्यामुळे मान वाकडी करून. वर्ग म्हणाला, भगवान इज अंडर द टेबल. तुम्ही म्हणालात, "आता तुम्ही म्हणा."

अण्णा म्हणाले, "आय अ‍ॅम टेबल अंडर."

आमच्याकडचा कुणीही माणूस हीच चूक करेल. टेबल आधी दिसतं, मग खाली दिसतं. वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, "पुन्हा. बरोबर येईपर्यंत वर यायचं नाही."

त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. मग पुन्हा. त्यांच्या बाजूच्या लाइनवर काम करणारा सुनील तिथेच मागे होता. तो इतका हसत होता की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिसऱ्यांदाही तेच आलं तेव्हा तुम्ही खडू उचललात आणि फळ्याकडे वळलात. म्हणालात, "त्यांचं चालू द्या, आपण पुढे जाऊ." आणि तुम्ही पुढचा प्रकार शिकवायला लागलात. माझे वडील टेबलाखाली बसून हळू आवाजात ते वाक्य म्हणत होते आणि वर तुम्ही टाचणी, चटई आणि डबा सांगत होतात.

मी उठले. तुम्ही न वळता म्हणालात, "वैशाली, खाली बस."

मी तशीच उभी राहिले. तेव्हा टेबलाखालून अण्णांचा आवाज आला, "बस गं. शिकायलोय मी."

वर्ग संपला तेव्हा ते बाहेर आले, शर्टाच्या कोपरावरची धूळ झटकली, तुम्हाला नमस्कार केला आणि म्हणाले, "येतो, बाई." तुम्ही मान हलवलीत. पुढच्या रविवारी ते तयार होऊन बसले नाहीत. मीही जाणार नव्हते. त्यांनीच माझ्या चपला दारात सरळ करून ठेवल्या. म्हणाले, "तू जा. तिला येतंय. येतंय त्याच्याकडनंच शिकावं. गोड बोलणारे लई भेटतील."

सुपरवायझर सुनील झाला. त्याला तुम्ही तयार केलंत आणि चांगलं तयार केलंत. कंपनीत त्या रविवारची गोष्ट त्याच आठवड्यात पोचली. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत माझ्या वडिलांचं लाइनवरचं नाव ‘टेबल-अंडर’ होतं. कँटीनमध्ये, बसमध्ये, पूजेच्या जेवणात. "काय टेबल-अंडर, चहा घेणार का राव?" "भावा, टेबल-अंडरला विचार, डाय कुठं ठेवलीय." नवीन लागलेल्या पोरांना तर त्यांचं खरं नाव माहीतही नव्हतं. निरोपाच्या दिवशी त्यांना शाल-नारळ दिला तेव्हा कुणीतरी माईकवर तेच नाव घेतलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनीही वाजवल्या. मी तिथे होते, बाई. तो प्रेमाचाच कार्यक्रम होता.

आणि तरी मी वर्षानुवर्षं तुमच्याकडे येत राहिले. वर्ग सुटल्यावर तुम्ही मला तुमच्या कपाटाची किल्ली द्यायचात. तुम्ही एका खुर्चीत, मी खिडकीखाली, दुपार होईपर्यंत वाचत बसायचो. ‘जा’ म्हणायचा नाहीत आणि ‘ये’ही म्हणायचा नाहीत. आमच्या घरी पुस्तक घेऊन बसायला कोपरा नव्हता. तुमच्याकडे होता. एम.ए. सोडायला निघाले होते तेव्हा तुम्ही म्हणालात, "परीक्षा झाल्यावर हवं तेवढं रड. आता पान उलट." मला नोकरी लागली ती तुमच्यामुळे. चाकणच्या कंपनीत मशीनजवळ टांगायच्या सूचना मी लिहिते, इंग्रजीत आणि मराठीत. हात कुठे असावा, कुठे नसावा, कुठल्या भागाच्या वर, कुठल्या दोन प्लेटांच्या मधे काय सरकवायचं. मी लिहिलेला कागद कधी परत आलेला नाही. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन आले तेव्हा तुम्ही एक उचललात, खाल्लात आणि म्हणालात, "साखर जास्त आहे." मग माझ्या सूचनांचा नमुना मागून घेतलात, चष्मा लावून पूर्ण वाचलात आणि एकही खूण न करता परत दिलात. घरी जाईपर्यंत मी तो कागद हातातच धरला होता.

पुढे तुमची नजर कमी झाली तेव्हा नव्या बॅचला मी शिकवू लागले. माणूस उठवायला मी नकार दिला. स्टीलची वाटी आणि चमचा घेऊन मी तेच सगळं दाखवायचे. तुम्ही कोपऱ्यात बसून ऐकायचात आणि नंतर चहा घेताना टोचायचात.

"तुझ्या बॅचचं काही लक्षात राहत नाही. चमच्याला लाज नसते."

"लाजेनं माणूस शिकत नाही, बाई."

"तू शिकलीस की."

"मला तुम्ही कधी टेबलाखाली बसवलं नाहीत."

"तुझ्या डोळ्यांदेखत कुणालातरी बसवलं असेल. तेवढं पुरतं."

तुम्ही हे बिस्कीट बुडवता बुडवता म्हणालात. तुम्हाला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, ते मला त्या क्षणी विचारता आलं असतं. पण तुमचं म्हणणं खरं होतं, आणि ते मला आतपर्यंत लागलं होतं. त्या रविवारनंतर मी एकही अव्यय चुकले नाही. वर्गातल्या कुणाहीपेक्षा मी जास्त शिकले, कारण तिथे टेबलाखाली माझा बाप होता. हा वाद आपला तिथेच राहिला. त्यात तुम्ही जिंकलात की हरलात, हे अजून मला ठरवता येत नाही.

डॉक्टरांनी तुमच्या भाच्याला बाजूला घेऊन सांगितलं त्यानंतरच्या आठवड्यात मी तुमच्यापाशी बसले होते. तुम्ही घरीच होतात, हॉलमधल्या पलंगावर, खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या. मी म्हटलं, "बाई, एक मागते. अण्णांशी एकदा बोला."

"कशाबद्दल?"

"त्या रविवारबद्दल."

"कुठल्या?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, सुनीलचं, कंपनीतल्या नावाचं, निरोपाच्या टाळ्यांचं. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. मग म्हणालात, "असे पुष्कळ बसले गं."

"त्यांचं नाव भगवान."

"माझ्याकडे किती भगवान आले." कूस बदलत म्हणालात, "घेऊन ये त्यांना."

ते मी तुमचं वचन समजले. अण्णांना म्हटलं, बाईंनी तुम्हाला बोलावलंय. त्यांनी टीव्ही बंद केला. मग विचारलं, "माझं नाव घेतलं?" मी म्हटलं, "घेतलं." ते खोटं नव्हतं. ते उठले आणि दाढीचं पाणी तापवायला ठेवलं.

आता आम्ही पुनावळ्याला राहतो. येताना त्यांनी रस्त्यात रिक्षा थांबवून शहाळी घेतली, हलवून, कानाशी धरून, तीन-चार बाजूला ठेवून. तुमच्या दारात चपला काढताना त्यांनी मला विचारलं, "म्या काही बोलायचं, का नुसतं ऐकायचं?" मी म्हटलं, "ऐका." खुर्ची समोर असून ते उभेच राहिले. तुम्ही म्हणालात, "बसा." तेव्हा बसले.

"तुम्ही वैशालीचे वडील."

"व्हय, बाई."

"माझ्याकडे येत होतात म्हणे शिकायला."

"एकच रविवार आलतो."

"मग सोडलंत का?"

बाई, तुम्ही हे विचारलंत. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मला वाटलं, आता ते सांगतील आणि आता तुम्ही म्हणाल. अण्णांनी हातातल्या शहाळ्याकडे पाहिलं.

"शिफ्ट लागली, बाई. रविवार मिळंना."

"शिफ्टचं कारण सगळेच सांगतात," तुम्ही म्हणालात. "कंटाळा आला म्हणा."

अण्णा हसले. "व्हय. कंटाळाच."

मग त्यांनी स्वयंपाकघरातून सुरी मागून घेतली, वरून तासून आणलेलं शहाळं मांडीवर धरून अलगद उघडलं, सोबत आणलेली नळी घातली आणि तुमच्या तोंडाशी धरलं. तुम्हाला ते पेललं नसतं म्हणून संपेपर्यंत धरून राहिले. तुम्ही पिऊन झाल्यावर डोळे मिटलेत. म्हणालात, "गोड निघालं." एवढंच. आम्ही निघालो.

आम्ही जिना उतरू लागलो. मी अण्णांना म्हटलं, "त्यांना सगळं सांगितलं होतं मी. मुद्दाम केलं त्यांनी."

अण्णा म्हणाले, "न्हाई गं. तिला आठवतच न्हाई. डोळ्यांत दिसतंय की."

पुढच्या मजल्याच्या वळणावर ते थांबले, कठड्याला हात लावून. मला वाटलं गुडघा दुखतोय.

"इतकी वर्सं मला वाटायचं," ते म्हणाले, "की तिला बी आठवत आसंल. कंपनीत कुणी त्या नावानं हाक मारली का म्या मनात म्हणायचो, जाऊ दे, तिकडं ती बाई बी आज भाकरी गिळताना अडखळली आसंल. बिचारी. येवढी शिकलेली बाई, तिला तर आपल्यापेक्षा जास्त लागत आसंल. तेवढा एक आधार हुता मला." मग खाली उतरता उतरता म्हणाले, "त्यो बी गेला. उगं आणलंस."

मी तुमच्याकडे मागायला गेले होते, बाई, आणि त्यांच्याकडे जे होतं तेही तुम्ही काढून घेतलंत. तेसुद्धा न मागता, शहाळं पिता पिता.

त्यानंतर मी एकटी दोनदा आले. एकदा तुम्ही झोपेत होतात. एकदा जाग्या होतात आणि मला खुणेनंच पुस्तक वाचून दाखवायला सांगितलंत. माझं एक क्रियापद निसटलं तर बोट वर केलंत. आवाज उरला नव्हता, बोट होतं. अण्णांचा विषय मी काढला नाही. कुठून काढायचा तेच कळेना, कारण आता मला राग कशाचा यावा? तुम्ही क्रूर होतात याचा आला असता. तुम्हाला ते लक्षातही राहिलं नाही, याचा राग धरायला हातात काही सापडत नाही. आणि तरी तुमच्या अंगावरची चादर मी नीट केली, पाय झाकले, पाण्याचा पेला हाताशी ठेवला. हे कर्तव्य म्हणून केलं नाही. मला तुम्ही हव्या होतात. अजून हव्या आहात. कामावर एखादं वाक्य अडलं की मी तुमच्या घरचा नंबर लावायला घेते.

मंगळवारी अण्णा म्हणाले, "म्या येतो."

मी म्हटलं, "कशाला, अण्णा?"

"एक रविवार का आसंना, शिकवलंय तिनं."

स्मशानात वर्गातले पुष्कळ जण आले होते. शिफ्ट सोडून आलेले, अंगात कंपनीचा युनिफॉर्म तसाच. सुनील पुढे होता, आता केस पांढरे, डोळे सुजलेले. अण्णांना पाहून तो जवळ आला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "अरे टेबल-अंडर, तूपण आलास."

"आलो की," अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, "काका, त्यांचं नाव भगवान आहे."

माझा आवाज चढला नव्हता. तरी आजूबाजूचे दोघं-तिघं वळले. सुनील गोंधळला. "ताई, चेष्टेत म्हणतो आम्ही. प्रेमानं. बाईंच्याच वर्गातलं नाव आहे ते." आणि मग त्याला हुंदका आला. तो म्हणत होता, "माझं घर उभं केलं त्या बाईनं. मी कोण होतो? मला कोण विचारत होतं?" अण्णा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि म्हणत होते, "व्हय, व्हय. खरंय." सुनील खोटं रडत नव्हता. तुम्ही त्याचं घर उभं केलं आहे. भाच्यानं अग्नी दिला तेव्हा अण्णांनी हात जोडले होते, तुमच्या हॉलमधून निघताना जोडले होते तसेच, आणि ओठ हलत होते. काय म्हणत होते ते मी विचारलं नाही.

काल रात्रीच्या जेवणानंतर मी प्रयत्न करून पाहिला. अण्णांना म्हटलं, बाई आजारी नसत्या तर तुमची माफी मागितली असती, त्यांच्या वतीनं मी मागते. ते बडीशेप निवडत होते. म्हणाले, "तू कशाला? तू काय केलंस? आणि झालं तरी काय हुतं येवढं, वर्गच की त्यो." मग त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

तुमचा भाचा फ्लॅट विकणार आहे. पुस्तकं घेऊन जा म्हणाला, खुर्च्या भंगारवाल्याला जातील. वर्गातल्या लोकांनी मला विचारलं, रविवार चालू ठेवाल का. मी अजून उत्तर दिलेलं नाही. ज्यांनी अण्णांशी बोलायचं त्या तुम्ही आता नाहीत. ज्यांना ते ऐकायचं होतं ते म्हणतात की काही झालंच नव्हतं. त्या रविवारपासून मला इंग्रजी उत्तम येतं.